हजेरीपटावर नसलेली वर्षे

२०१६ च्या मे महिन्यात मी माध्यमिक शाळेतल्या शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झालो. निवृत्तिवेतनाचे कागद भरताना एका रकान्यापाशी माझा हात थांबला. ‘यापूर्वी केलेली सेवा’ असा तो रकाना होता. समोरचा कारकून सवयीने म्हणाला, ‘‘गुरुजी, तिथं निरंक लिहा.’’ मी ‘निरंक’ लिहिले आणि खाली सही केली.

कारकुनाचे काही चुकले नव्हते. सरकारदरबारी सेवा म्हणजे नेमणुकीचा आदेश, हजेरीपट आणि पगाराची नोंद. यांपैकी माझ्यापाशी काहीच नव्हते. पण घरी येईपर्यंत तो शब्द मला टोचत राहिला. १९८२ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, मी शिक्षक झालो. त्याआधी सोळा-सतरा वर्षे मी काम करीतच होतो. येसकराच्या काठीमागून फिरणारा पोर, गुराखी, शेंगा वेचणारा, दुष्काळी कामावरचा बदली मजूर, स्टेशनबाहेर कपबश्या विसळणारा, वरातीत डोक्यावर बत्ती धरणारा, पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा, ही सगळी माझी यापूर्वीची सेवा. ती निरंक कशी?

ती कामे या लेखात मी ओळीने मांडून पाहणार आहे. दुःखाचे प्रदर्शन करण्याचा हेतू नाही. १९७८ साली दया पवार यांचे ‘बलुतं’ आले आणि त्यानंतरच्या आत्मकथनांनी आमचे बालपण मराठी वाचकांपुढे ठेवले. तेच पुन्हा सांगून काही साधणार नाही. माझा प्रश्न इतिहासाचा आहे. यांतले कोणते काम माझ्या वाट्याला का आले? ते कुणी ठरवले? कोणत्या कायद्याने ते आणले, कोणत्या कायद्याने घालवले, आणि कायद्याने घालवल्यावर ते खरोखर गेले का? मध्यमवर्गीय माणूस आपल्या लहानपणच्या कामांबद्दल बोलतो तेव्हा त्यात कौतुक असते. सुट्टीत दुकानात बसलो, चार पैसे मिळवले, जग कळले, असे तो सांगतो. आमच्या कामांमागे सुट्टी नव्हती आणि निवडही नव्हती. म्हणून त्यांचा इतिहास वेगळा लिहावा लागतो.

१

सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात आमचे गाव. आमच्या घराण्याकडे महारकीचे वतन होते आणि पाळी आली की आजा येसकर होई. मला आठवते ते १९६५-६६ साल. मी सात-आठ वर्षांचा होतो. आजाच्या हातात घुंगरांची काठी, खांद्यावर घोंगडे आणि माझ्या हातात टोपले. दिवस मावळला की आम्ही गावात शिरत असू. उंबऱ्यापासून लांब उभे राहून आजा काठी आपटी. घुंगरे वाजली की आतली बाई बाहेर येई आणि वरून भाकर टाकी. कुणाची ताजी, कुणाची सकाळची. कालवण असेल तर ते गाडग्यात. दहा घरांचे कालवण एकाच गाडग्यात पडे आणि त्याची जी चव होई, तीच आमच्या रात्रीच्या जेवणाची चव.

ही भीक नव्हती, हे आजा मला बजावून सांगे. ‘‘आरं, हा आपला हक हाय. आपुन वतनदार.’’ त्याचे म्हणणे एका अर्थाने खरे होते. या भाकरीच्या बदल्यात आमचा वाडा चावडी झाडत होता, पाटलाचा सांगावा पोचवत होता, सारा तालुक्याला जाताना सोबत चालत होता, शिवेच्या भांडणात शीव दाखवत होता, मयताची बातमी भर पावसात परगावी नेत होता आणि वर पाटलाची लाकडे फोडत होता. एवढ्या कामाचा मोबदला म्हणजे ते टोपले, सुगीला मिळणारे बलुते आणि वतनाची थोडी जिरायत जमीन.

या व्यवस्थेला इंग्रज सरकारने १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने पक्के केले होते. गावची रूढी कायद्याच्या पुस्तकात गेली. वतन एका माणसाचे नसून घराण्याचे असल्यामुळे चाकरीही घराण्याची झाली. नेमलेला महार हजर नसेल तर त्याच्या घरातल्या कुणालाही बोलावता येई. दिवस आणि रात्र असा भेद नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली सुरू केलेल्या ‘बहिष्कृत भारत’मधून या वतनाची चिरफाड केली आणि १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात ह्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. त्यांचा मुद्दा सरळ होता. काम सरकारचे असेल तर पगार सरकारने द्यावा. रयतेच्या दारात उभे राहून मोबदला गोळा करायला लावणे म्हणजे माणसाला गुलामही करणे आणि भिकारीही करणे होय. विधेयकाला विरोध झाला आणि १९२९ साली ते मागे घ्यावे लागले.

पुढे स्वातंत्र्य आले. १९५८ सालच्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली आणि हा कायदा १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. त्या दिवशी मी वर्षा-दीड वर्षाचा असेन. म्हणजे मी चालायला शिकलो तेव्हाच महारकी कायद्याने संपली होती. मग सात वर्षांचा असताना मी कोणाचे टोपले वाहत होतो?

या प्रश्नाचे उत्तर जमिनीत आहे. आकाराच्या पटीत रक्कम भरून वतनाची जमीन पुन्हा धारण करण्याची सोय कायद्यात होती, पण सरकारच्या परवानगीवाचून ती विकता येत नव्हती. आमच्या भावकीत त्या जमिनीचे इतके वाटे झाले होते की एकेका घराच्या नावावर काही गुंठे उरत. त्यावर चार महिन्यांची ज्वारीही निघत नव्हती. वाड्यात माणसे होती, पोटे होती, आणि पगारी कोतवाल गावात एकच. बाकीच्यांनी काय करायचे? कायद्याने वतन नेले, पण वतनाच्या जागी दुसरे काम आणून ठेवले नाही. म्हणून काठी काही वर्षे वाजत राहिली. हे सांगताना मी कायद्याला कमी लेखत नाही. तो कायदा नसता तर माझा मुलगाही टोपले घेऊन फिरला असता. मला एवढेच म्हणायचे आहे की गुलामी रद्द करणे आणि गुलामाला पर्याय देणे ही दोन कामे आहेत. पहिले झाले म्हणून दुसरे आपोआप होत नाही.

१९६७ च्या सुमारास आमच्या वाड्यातल्या तरण्या पोरांनी बैठक घेऊन पाळी बंद केली. आजाने ती घुंगरांची काठी आढ्याला टांगली. तो ती विकेना आणि जाळूही देईना.

२

माझ्या आयुष्याला वळण देणारे एक काम असे आहे की जे मी केलेच नाही. मेलेली गुरे ओढणे हे ते काम. माझ्या बापाने ते केले होते, आजाने आयुष्यभर केले होते. १९२७ च्या महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. आमच्यापर्यंत ते नीट पोचायला तीस वर्षे लागली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली आणि तिथून परतलेल्या दोघा-तिघांनी वाड्यात सांगितले की आता ढोर ओढायचे नाही. त्या वर्षी गावाने आमचे रान बंद केले, वाण्याने मीठ बंद केले. आई सांगे की दोन महिने वाडा कण्यांवर आणि रानभाजीवर जगला. पण ढोर ओढले नाही.

मी त्यानंतर जन्मलो. म्हणून माझ्या हाताला तो वास नाही. आम्ही शिकलो याचे श्रेय आम्ही शाळेला, शिष्यवृत्तीला, स्वतःच्या हुशारीला देतो. पण त्याआधी कुणीतरी उपाशी राहून एक काम नाकारले होते, याची नोंद कुठे करायची? श्रमिकांच्या इतिहासात संपाची नोंद होते. गावोगावच्या वाड्यांनी १९५६ नंतर केलेला हा संपच होता. त्याला ना युनियन होती, ना संपफंड.

जे काम मी केले ते शेतातले. गुरे राखली, खुरपणीला गेलो, काढणीनंतर जमिनीत राहिलेल्या भुईमुगाच्या शेंगा वेचल्या. थोरला भाऊ सालगडी म्हणून एका बागाईतदाराकडे होता. सालाची रक्कम बापाने बहिणीच्या आजारपणात आधीच उचलली होती. उचल फिटेना म्हणून मी गुरांमागे. माझी मजुरी माझ्या हातात कधी आलीच नाही, ती वहीत वळती होई. वही त्यांची, अक्षर त्यांचे, आणि वाचता न येणारा अंगठा आमचा.

मी चौथीत गेलो तेव्हा शाळा सुटण्याची पाळी आली. धाकटी दोन भावंडे होती, आई कामावर जाई. घरी कुणी राहायचे? माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी अक्का दुसरीत शिकत होती. बापाने तिचे नाव काढले. कुणी आरडाओरडा केला नाही. रडले कुणी असेल तर ती अक्का, आणि तिचे रडणे कुणी मोजले नाही. तिने पोरे सांभाळली म्हणून मी शाळेत बसलो. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे असे म्हटले होते. त्या मागणीनंतर ८५ वर्षांनी माझ्या बहिणीचे नाव पटावरून कमी झाले आणि कुणाला त्याचे कारण विचारावेसे वाटले नाही.

३

१९७२ साल. महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता आणि सोलापूर जिल्हा त्याच्या ऐन झळीत होता. मी चौदा वर्षांचा. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, पण आमच्यापर्यंत तेव्हा फक्त खडी आणि सुकडी पोचली होती. रस्त्याची कामे, नालाबंडिंग, पाझर तलाव. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरच्या दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. त्या पन्नास लाखांत मी नव्हतो, कारण माझे वय बसत नव्हते. पण काम मात्र मी केले. बाप आजारी पडला की त्याच्या नावावर मी खडी फोडायला बसे. मुकादम बापाचे नाव पुकारी आणि मी ‘हजर’ म्हणे. मुकादमाला माहीत होते. खडीचा ढीग मोजून भरला की झाले, हात कुणाचे याची चौकशी नव्हती.

त्या कामावर मी दोन गोष्टी पाहिल्या. पहिली ही की मराठा, धनगर, माळी, मांग, महार, सगळे एका रांगेत खडी फोडत होते. दुष्काळाने पाटलाच्या भावकीलाही हातोडा दिला होता. तांबडी मिलो ज्वारी सगळ्यांच्या चुलीवर एकच वास सोडत होती. दुसरी गोष्ट ही की पाण्याचे रांजण मात्र दोन होते. सरकारी कामावर, सरकारी पैशाच्या रांजणात, सरकारी टँकरचे पाणी, आणि रांजण दोन. असा कुणी हुकूम काढला नव्हता. तो काढावाच लागला नाही.

पुढे शिक्षक झाल्यावर मी बाबासाहेबांच्या लहानपणीची हकीकत वाचली तेव्हा ही आठवण जागी झाली. १९०१ च्या सुमारास त्यांचे वडील सुभेदार रामजी खटाव तालुक्यातल्या गोरेगावी रोखपाल होते. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून सरकार तिथे तलाव बांधत होते. वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली आणि ती महार आहेत हे कळताच कोणी गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, अशी तोड निघाली. दुष्काळी कामावरच्या रोखपालाच्या मुलांची ही गत. १९०१ आणि १९७२ यांत सत्तर वर्षांचे अंतर. मधे दोन महायुद्धे झाली, घटना झाली, घटनेचे सतरावे कलम झाले. पण दुष्काळी कामावर आमच्या तहानेची वाट वेगळीच राहिली.

तरीही दुष्काळी कामाचे एक उपकार मी मान्य करतो. माझ्या आईने आयुष्यात प्रथमच त्या कामावर रोख पैसे स्वतःच्या हातात घेतले. धान्य नाही, उतरलेले लुगडे नाही, शिळे नाही. रोख पैसे, तेही तिच्या नावापुढे तिचाच अंगठा उठवून. बागाईतदाराच्या माणसाने कामाला बोलावले तेव्हा ती म्हणाली, ‘‘सरकारी कामावर हाय मी. तुमी रोज काय देताव त्ये आदी सांगा.’’ असा प्रश्न विचारणारी ती आमच्या घराण्यातली पहिली बाई. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. विद्वान त्या योजनेचे मोल आकड्यांत करतात. मी ते आईच्या त्या एका प्रश्नात करतो. बलुते मागणारा माणूस दर विचारू शकत नाही. दर विचारता येणे ही माणूस होण्याची एक पायरी आहे.

४

दहावीच्या वर्षाआधी मी सुट्टीत कुर्डुवाडीला गेलो. कुर्डुवाडी म्हणजे जंक्शन. मुंबई-मद्रासची मोठी लाइन आणि १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी लाइन तिथे भेटत. स्टेशनबाहेरच्या एका चहावाल्याकडे मी कपबश्या विसळायला राहिलो. त्याने नाव विचारले, मी सांगितले. आडनाव विचारले, मी गावाच्या नावाला ‘कर’ लावून सांगितले. अडीच महिने मी त्या आडनावाने जगलो. जेवण, रात्री फलाटाबाहेर झोप, आणि महिन्याचे थोडे पैसे. आयुष्यात प्रथमच माझ्या हातचे पाणी सगळे पीत होते. त्याचा मला आनंद झाला आणि त्या आनंदाची लाजही वाटली. शेवटी गावाकडच्या एका प्रवाशाने मला ओळखले आणि मालकाशी बोलला. मालकाने मला मारले नाही, शिवी दिली नाही. हिशेब केला, आणि त्यातून काही कपबश्यांची किंमत वजा केली. मी कप फोडले नव्हते. माझ्या गेल्यावर ते फोडले जाणार होते.

शहरात जात नाही, कारखान्यात जात नाही, असे आपण पुस्तकात वाचतो. इतिहास काही वेगळे सांगतो. मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य मजूर होते, पण विणकाम खात्यात, जिथे मजुरी जास्त तिथे, त्यांना शिरकाव नव्हता. कांडी बदलताना धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळाची अडचण होती. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला. रेल्वेतही तेच. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी दाखवून दिले की दलित माणूस गँगमन म्हणून राबतो, पण त्याला साधे पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे कामही करावे लागते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू आहेत असे त्यांनी सांगितले ते याच परिषदेत. ‘जातिभेद निर्मूलन’ या १९३६ च्या भाषणात त्यांनी मांडलेला सिद्धांत, की जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हा केवळ ग्रंथातून आलेला नाही. तो धोट्यातल्या धाग्यातून आणि स्टेशनमास्तरच्या स्वयंपाकघरातून आलेला आहे.

बाबासाहेबांच्याच बालपणीची आणखी एक गोष्ट आमच्या पोरांना सांगितली पाहिजे. साताऱ्याला असताना मुंबईच्या गिरणीत पोऱ्या म्हणून काम मिळते असे त्यांनी ऐकले होते. वडिलांवर अवलंबून राहायचे नाही म्हणून मुंबईला जायचे ठरवले आणि गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पैशाची पिशवी पळवायचा बेत केला. काही रात्री प्रयत्न करून पिशवी हाती आली तेव्हा तिच्यात अर्धा आणा निघाला. तेव्हा त्यांनी तो नाद सोडला आणि मन लावून अभ्यास करायचे ठरवले. ही गोष्ट आपण चमत्कारासारखी सांगतो. मी तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. आत्याच्या पिशवीत गाडीभाड्यापुरते पैसे असते तर एक मुलगा गिरणीत गेला असता. अशी किती मुले गेली असतील, ज्यांच्या आत्याच्या पिशवीत पुरेसे पैसे होते?

५

१९७५ साली मी सोलापुरात कॉलेजात दाखल झालो. या शहराचे आमच्यावर जुने ऋण आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरातच अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले होते. मी मागासवर्गीय वसतिगृहात राहिलो. शिष्यवृत्ती होती. शालान्तोत्तर शिष्यवृत्तीची ही योजना १९४४ सालची, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असतानाची. पण वर्ष जूनमध्ये सुरू होई आणि पैसे मार्चमध्ये हाती येत. मधले नऊ महिने कुणी जगवायचे? पहाटे मी वर्तमानपत्रे टाकली आणि लग्नसराईत वरातीत बत्त्या धरल्या.

बत्ती धरण्याचे काम बाहेरून सोपे दिसते. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पेटलेली बत्ती, तिची आच टाळूला, आणि वरातीच्या वेगाने चालायचे. नवरदेव थांबला की थांबायचे. एका वराती‌त माझ्याच वर्गातला मुलगा नाचत होता. त्याने मला ओळखले नाही. बत्ती धरणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडत नाही, तो दुसऱ्यांसाठी असतो. दुसऱ्या दिवशी तो वर्गात माझ्याकडून इतिहासाची वही घेऊन गेला.

१९७९ साली बी. ए. झाल्यावर एक प्रसंग घडला, त्याचे उत्तर मला आजही नीट सापडलेले नाही. माझे मामा नगरपालिकेत सफाई कामगार होते. मामांना मूल नव्हते. निवृत्ती जवळ आली तेव्हा ते म्हणाले, ‘‘माझ्या जागी तुझं नाव लावतो. पर्मनंट नोकरी हाय. पगार, फंड, खोली. झाडू काय जन्मभर मारायचा न्हाई, शिकलेला हायेस, पुढं कारकून करतील.’’ सफाई कामगाराच्या वारसाला त्याची जागा देण्याची ही पद्धत महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशी म्हणून ओळखली जाते. हेतू चांगला होता. घाणीत आयुष्य घालवलेल्या माणसाचे घर त्याच्यामागे उघड्यावर पडू नये, हा तो हेतू.

मी नकार दिला. मामा दोन वर्षे माझ्याशी बोलले नाहीत. त्यांची बाजू मला तेव्हा कळली नाही, आता कळते. मी म्हणत होतो, ‘वारसाहक्काने झाडू नको.’ ते म्हणत होते, ‘वारसाहक्काने दुसरे काय मिळाले आहे आपल्याला?’ ती जागा माझ्या मावसभावाने घेतली. त्याने मुलांना शिकवले, घर बांधले. पण ‘पुढे कारकून करतील’ हे कधीच घडले नाही. आज त्याचा पदवीधर मुलगा वारसाच्या जागेची वाट बघतो आहे, कारण बाहेर सफाईची कामे ठेकेदाराकडे गेली आहेत आणि ठेकेदाराकडे ना फंड, ना रजा. १९९३ आणि २०१३ साली हाताने मैला उचलण्याविरुद्ध कायदे झाले, तरी गटारात उतरून माणसे मरतातच, आणि मरणाऱ्यांची जात विचारावी लागत नाही.

वारसाची जागा हा आमच्या चळवळीपुढचा खरा पेच आहे. ती काढून घ्या म्हणणे म्हणजे हजारो घरांची एकमेव कायम नोकरी हिरावणे. ती तशीच ठेवा म्हणणे म्हणजे १८७४ च्या वतनाला पगार जोडून त्याला हक्क म्हणणे. मला वाटते उत्तर वारसा तोडण्यात नाही, वारसा कशाचा हे बदलण्यात आहे. सफाई कामगाराच्या मुलाला नोकरीचा हक्क राहू द्या, पण त्याच्या शिक्षणाप्रमाणे ती कोणत्याही खात्यात मिळू द्या. पदवीधराला झाडूच का? आणि झाडूचे काम इतक्या पगाराचे आणि इतक्या यंत्राचे करा की इतर जातींचे अर्ज येऊ लागतील. ज्या दिवशी ते येतील त्या दिवशी ते वतन राहणार नाही, नोकरी होईल.

६

मी निवृत्त झालो त्याच वर्षी, २०१६ साली, बालकामगारविषयक १९८६ च्या कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही धंद्यात कामाला लावू नये, असे ती म्हणते. हे स्वागतार्ह आहे. पण लगेच एक अपवाद येतो. शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत, धोक्याच्या नसलेल्या घरच्या धंद्यात मुलाने कुटुंबाला मदत केली तर चालेल.

वाचताना हे निरुपद्रवी वाटते. शेतकऱ्याच्या मुलाने पाणी धरले, दुकानदाराच्या मुलीने वजन केले, तर बिघडले कुठे? पण ज्या देशात ‘घरचा धंदा’ म्हणजे जातीचा धंदा, तिथे हा अपवाद कुणाच्या दारात उभा राहतो? १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळेचा वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी आईबापांचा धंदा शिकावा अशी योजना आणली होती. पेरियार आणि त्यांच्या चळवळीने तिला कुलपरंपरेचे शिक्षण म्हणून विरोध केला. १९५४ साली राजाजी पायउतार झाले आणि कामराजांनी ती योजना रद्द केली. तिथल्या लोकांनी जे एका वर्षात ओळखले, ते आपण ओळखले पाहिजे. माझा घरचा धंदा कोणता होता? येसकरकी. मी सात वर्षांचा असताना शाळेच्या वेळेनंतर, सुट्टीत, कुटुंबाला मदतच करीत होतो.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या वर्षी मी आठवीच्या वर्गाला विचारले होते, ‘‘तुमच्यापैकी कामाला कोण जाते?’’ एकही हात वर आला नाही. मग प्रश्न बदलला. ‘‘दिवाळीनंतर शाळेत कोण नसते, आणि का?’’ तेव्हा वर्ग बोलू लागला. कुणी आईबापांबरोबर ऊसतोडीला जाऊन वाढे बांधत होता, कुणी वीटभट्टीवर कच्च्या विटा उलटत होती, कुणी बँडमध्ये झांजा वाजवत होता. काम करीत होते सगळे, पण त्याला काम म्हणायचे हे कुणाला माहीत नव्हते. शिक्षक मित्रांना माझे एवढेच सांगणे आहे की हा दुसरा प्रश्न विचारा आणि उत्तरे वहीत लिहून ठेवा. आपल्या इतिहासाचे कागद दप्तरात सापडणार नाहीत, कारण दप्तरात आपल्यापुढे निरंक लिहिलेले आहे.

हा लेख लिहिण्याआधी मी गावी जाऊन अक्काला भेटलो. तिला विचारले, ‘‘अक्का, तू लहानपणी काय काय कामं केलीस गं?’’ ती हसली. म्हणाली, ‘‘मी कुठं काम केलं? मी घरीच व्हते की. काम तू केलंस.’’

मी वही मिटली. माझ्या रकान्यात निरंक लिहिणारा निदान एक कारकून होता. तिच्यासाठी रकानाच नव्हता. ही सोळा-सतरा वर्षे माझी म्हणून मी मांडली, पण त्यांतली शाळेची प्रत्येक घटका तिच्या नावावर आहे. हजेरी लावायची तर ती आधी तिची लागली पाहिजे.